लंढौरचा रस्ता आणि स्तोत्र १२१

(शास्त्रभाग : स्तोत्र १२१, मत्तय ४:५-७, अनुवाद २२:८, उत्पत्ती ४:९)



एकशे एकविसावे स्तोत्र आपल्या मंडळ्यांत बहुतेकांना तोंडपाठ असते. शब्बाथशाळेत ते लहानपणीच शिकवतात, कोणी प्रवासाला निघाले की प्रार्थनेत ते वाचतात, आणि दफनाच्या वेळीही वाचतात. आम्ही स्वतः ते किती वर्षे शिकवीत आलो याची मोजदाद नाही. पण माळव्याच्या पठारावर जन्म गेलेल्या माणसाला मोठा डोंगर ठाऊक असतो तो कॅलेंडरवरचा. गेल्या ऑक्टोबरात आम्ही हे स्तोत्र बरोबर घेऊन खऱ्या डोंगरात गेलो, आणि तेथे ते आम्हाला पूर्वीसारखे म्हणता येईना. ती हकिकत वाचकांस, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांस, सांगावी असे वाटले.

येथे ‘आम्ही’ म्हणजे इंदूरच्या एका मराठी मंडळीतील शब्बाथशाळेचे तिघे शिक्षक. लिहिणारा एक असला तरी जे घडले ते तिघांचे आहे आणि दोषही तिघांचा आहे, म्हणून एकवचन वापरीत नाही.

आमच्या वर्गात एके काळी असलेला एक मुलगा आता डेहराडूनला नोकरीस आहे. त्याचे बोलावणे आले. ‘सर, इतकी वर्षं डोंगराचं स्तोत्र पाठ करून घेतलंत, एकदा डोंगर बघायला तरी या. आणि येताना तिघांनीही शिकाऊ परवाना काढून आणा. मी स्कूटर शिकवतो.’

दुसऱ्या वाक्याचे कारण सर्व मंडळीला ठाऊक होते. चाळिशी ओलांडून गेली तरी आम्हा तिघांपैकी एकालाही दुचाकी चालवता येत नव्हती. एकाच्या घरी गाडीच नव्हती, एकाला भीती वाटे, आणि एकाच्या घरी गाडी होती पण ती चालवण्याचा मान सौभाग्यवतींकडे होता. जुन्या वस्तीत सारी मंडळी जवळजवळ राहत होती तोवर हे खपून गेले. आता कुटुंबे लांबच्या कॉलन्यांत गेली आहेत. आजाऱ्याच्या भेटीला जायचे तर कोणाच्या तरी मागे बसून जावे लागते, आणि नेणारा मिळाला नाही तर भेट राहून जाते.

आमच्याही मनात एक हेतू होता, तो येथे कबूल करतो. हा मुलगा कित्येक वर्षे उपासनेला येत नव्हता. डेहराडूनला गेल्यावरही तो कोणत्या चर्चमध्ये जात नाही, असे त्याच्या आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते. त्याला परत वळवावे, असा बेत करून आम्ही निघालो होतो. स्कूटर हे निमित्त.

तर पाठीवर सॅक अडकवून, इंदूरहून डेहराडूनला जाणाऱ्या गाडीने आम्ही गेलो. डेहराडून स्टेशनाशेजारीच मसुरीच्या बसगाड्या मिळतात. अंतर सुमारे ३५ किलोमीटर, पण सारी वळणे. पिक्चर पॅलेसच्या बाजूला उतरून लंढौर बाजाराचा चढ पायी चढलो. मसुरी साधारण साडेसहा हजार फुटांवर आहे, लंढौर त्याहून हजारेक फूट वर. घंटाघरापाशी पहिला दम लागला, मलिंगारच्या चढावर दुसरा. त्यानंतर मोजणे सोडले. आम्ही तिघांनी मिळून सात पुस्तके आणली होती. त्यांतली पाच तरी घरी ठेवायला हवी होती, हे सांगायला डोंगरच लागला.

वर पोहोचल्यावर मात्र बोलणे थांबले. देवदाराची आणि बांजाची झाडे, त्यांच्या फटींतून उत्तरेला बंदरपूंछची बर्फाळ रांग. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असतो व हवा स्वच्छ असते. संध्याकाळी पश्चिमेला, खऱ्या क्षितिजाच्या वर दुसरीच एक रेघ ओढल्यासारखी दिसते आणि सूर्य तिच्यामागे जातो. तेथील लोक तिला विंटरलाइन म्हणतात. आमच्यातील एकाने तेथेच टोपी काढून प्रार्थना केली. मुलगा थोडा दूर उभा राहिला. डोळे मात्र त्याने मिटले नाहीत, हे आम्ही पाहिले. म्हणजे आमचेही उघडेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाड्याची स्कूटर घेऊन आला, पुढेमागे पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ लावलेली. बरोबर चार हेल्मेट. दुकानदार दोनच देत होता, याने भांडून चार आणली आणि प्रत्येकाच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळून पाहिला. शिकणाऱ्याने घालायचे हे समजते, पण बाजूला उभे राहून पाहणाऱ्यानेही घालायचे. आम्ही हसलो. तो हसला नाही.

लंढौरला वरच्या बाजूस डोंगराला वळसा घालणारा एक रस्ता आहे. चार दुकान नावाच्या चौकातून, लाल टिब्ब्याकडून, जुन्या दफनभूमीवरून तो फिरतो. त्याला चक्कर म्हणतात. बाकीच्या चढउतारांच्या मानाने तो सपाट, आणि पहाटे रिकामा. पहिला तासभर त्याने इंजिन सुरूच करू दिले नाही. हलक्या उतारावर पाय जमिनीशी ठेवून गाडी सोडायची आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबवायची, एवढेच. ‘आधी थांबता आलं पाहिजे, सर. चालवणं काय, कोणालाही येतं.’ मग त्याने इंजिन सुरू केले आणि मागे बसून शिकवू लागला.

ज्या शिक्षकांनी दुचाकी शिकली नाही त्यांच्यासाठी सांगतो की तेथे भय माणसाला फार विचित्र रीतीने फसवते. गाडी डगमगली की शिकणारा घाबरून मुठी आवळतो. उजव्या मुठीतच वेग असतो. म्हणजे जितका भ्यावा तितकी गाडी जास्त पळते, आणि जितकी पळते तितका तो अधिक भितो. भ्यालेल्या हाताने गच्च धरू नये, हे आम्हाला सर्वांत उशिरा समजले. दुसरी गोष्ट नजरेची. वळणावर दरीकडे पाहिले की गाडी दरीकडेच ओढ घेते. वळण जेथे संपते तेथे पाहावे, मग हात आपोआप तिकडे वळतात. तिसरी गोष्ट त्याने उतारावर शिकवली. घाटात समोरून वाहन आले तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणे जड जाते. आमच्या जुन्या मंडळ्यांत वर पोहोचलेले पुष्कळदा खालून येणाऱ्यासाठी थांबत नाहीत, पण तो वेगळा विषय.

दोन दिवस असे गेले. मधल्या वेळात आम्ही केलॉग मेमोरियल चर्च पाहिले. हे दगडी चर्च १९०३ साली बांधले गेले आणि बाहेरच्यांना हिंदी शिकवणारी लंढौरची भाषाशाळा त्यातच चालते. सॅम्युअल केलॉग हे नाव आपल्या लोकांस फारसे माहीत नाही. ते अमेरिकेचे प्रेस्बिटेरियन मिशनरी. १८७६ साली त्यांचे हिंदी भाषेचे व्याकरण निघाले. त्यात ब्रजपासून गढवालीपर्यंत बोलींची रूपे शेजारीशेजारी मांडली आहेत, आणि जाणकार आजही ते उघडून पाहतात. पत्नीच्या निधनानंतर ते मायदेशी गेले, तेथे धर्मशिक्षण दिले, टोरांटोत पाळकपण केले, लेवीयवर भाष्य लिहिले. १८९२ मध्ये ते पुन्हा भारतात आले ते जुना करार हिंदीत नीट उतरवण्याच्या कामासाठी. ते काम चालू असतानाच ३ मे १८९९ रोजी याच लंढौरात सायकलवरून जाताना ते कड्यावरून खाली पडले आणि गेले. वय ५९ होते.

आम्ही हे मुलाला सांगितले. बोधपर गोष्ट सांगावी तसे सांगितले, कारण शिक्षकाला दुसरी रीत येत नाही. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘चला, उजेड आहे तोवर एक फेरी करू.’

त्या फेरीत आमच्यापैकी एक पडला. कोण ते लिहीत नाही, पण संपादकांस हे हस्तलिखित नेहमीपेक्षा वाकडे वाटले असल्यास त्यांनी काय तो तर्क करावा. मुलगा त्या वेळी मागे बसलेला नव्हता. वळणाच्या अलीकडे उभा राहून पाहत होता. वळणावर बारीक खडी होती, समोर अचानक माकडे आली, आणि मूठ आवळली गेली. गाडी रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर आदळली, डोके त्या कठड्याला घासले. तळहात सोलले आणि गुडघा फुटला, याहून अधिक काही झाले नाही. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते.

मुलगा धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने जखमेकडे पाहिले नाही. हेल्मेट काढून हातात घेतले आणि त्यावर उमटलेल्या लांब ओरखड्यावरून तो अंगठा फिरवीत राहिला. मग एका शब्दानेही न बोलता त्याने गाडी उचलली व ढकलत नेली.

केलॉग चर्चच्या आवारातील कट्ट्यावर आम्ही बसलो. बराच वेळ गेला. मग त्याने विचारले, ‘सर, तो माणूस देवाचंच काम करत होता ना? बायबलच लिहीत होता ना? मग पाय सरकू देणार नाही, हे खोटं का?’

त्याने केलॉगविषयी विचारले नव्हते, हे आम्हा तिघांनाही कळले.

सात वर्षांपूर्वी डिसेंबरात, नाताळच्या गायनफेरीच्या संध्याकाळी, त्याचा थोरला भाऊ आमच्याकडे ‘उपासना संगीता’च्या प्रती नेण्यास आला होता. वय बावीस, गळा गोड, तरुण संघाचा प्राण. मोटारसायकलवर होता आणि डोके उघडे होते. आमच्यातील एकाने त्याच्या डोक्याकडे बोट दाखवले. तो हसून म्हणाला, ‘दोन किलोमीटर तर जायचंय.’ आणि आम्ही काय म्हणालो? ‘जा बाबा, प्रभूच्या कामाला निघालास, प्रभू सांभाळील.’ आमच्या दारात खिळ्याला एक हेल्मेट टांगलेले होते. ते काढून त्याच्या हाती द्यायला अर्धे मिनिट लागले नसते. बायपासच्या चौकात टेम्पोचा धक्का लागून तो पडला. दोन दिवस जिवंत होता. त्याच्या दफनाच्या वेळी स्तोत्र १२१ आमच्यापैकीच एकाने वाचले.

दारातले ते बोलणे आम्ही कोणाला सांगितले नव्हते. त्याच्या आईलाही नाही. मंडळीत कोणी देवाची इच्छा म्हणाले, कोणी तरुणांच्या वेगाला दोष दिला, आणि आम्ही माना डोलावल्या. त्या कट्ट्यावर आम्ही ते धाकट्याला सांगितले. वळवायला गेलेले आम्ही, आमच्याच तोंडून ते निघाले.

आम्हाला वाटले तो उठून जाईल, आणि गेला असता तर ते योग्यच होते. तो खाली पाहत बसला. मग म्हणाला, ‘दादाचं हेल्मेट त्या दिवशी माझ्याकडे होतं, सर. सकाळी क्लासला घालून गेलो आणि मित्राकडे विसरलो. आईला अजून माहीत नाही.’

सात वर्षे! सोळा वर्षांचा मुलगा हे उरात घेऊन आमच्यासमोरून जात होता, आणि आम्ही त्याला गैरहजर म्हणून नोंदवीत होतो.

आम्ही तेथे काही उपदेश केला नाही. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताला पट्टी होती. अंधार पडेपर्यंत बसलो.

वाचकहो, त्यानंतर आम्ही शास्त्र पुन्हा उघडले. जे सापडले ते थोडक्यात ठेवतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. तेथे तो शास्त्राचाच आधार घेतो, एक्याण्णवाव्या स्तोत्राचा, देवदूत झेलतील या वचनाचा. वचन खरे आहे, पण ते वापरणारा खोटा आहे. प्रभू त्याला अनुवादातून उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नये. आमच्या दारातले ते वाक्य कोणाच्या बोलण्याजवळ जाते, हे वाचताना अंग शहारले. आम्ही आशीर्वाद म्हणून बोललो होतो, यात शंका नाही. पण ते आशीर्वादाचे शब्द आम्ही हेल्मेटच्या जागी वापरले.

आणि ज्या अनुवादातून प्रभूने ते उत्तर दिले, त्याच ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर. कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इतक्या वर्षांत या वचनावर आम्ही एकदाही धडा घेतला नव्हता. देव इस्राएलाला राखणारा आहे, हे ठाऊक असलेल्या लोकांनाच ही आज्ञा दिली आहे. देव राखतो म्हणून कठडा नको, असे मोशेने म्हटले नाही. लंढौरच्या त्या वळणावर कोणा अनोळखी गवंड्याने सिमेंट घातले म्हणून आमचा माणूस घरी आला. आम्ही त्याबद्दल देवाचे आभार मानतो. गवंड्याला पाठवणारा तोच आहे.

एकशे एकविसाव्या स्तोत्रात ओव्या आठच आहेत, पण मूळ इब्री भाषेत ‘राखणे’ या अर्थाचा शब्द त्यांत सहा वेळा येतो. धर्मशिक्षणाच्या पदविकेच्या वेळी हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तोच शब्द उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या तोंडी आहे, हे तेव्हा कोणी दाखवले नाही, किंवा दाखवले असेल तर आमचे लक्ष नव्हते. मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, असे तो देवाला विचारतो. तो टाळण्यासाठी विचारतो. आमच्या मुलाने सात वर्षे तोच प्रश्न रात्री स्वतःला विचारला, आणि त्याला तो टाळता येत नव्हता. दोघांत फार अंतर आहे. ते त्याला कोणी सांगायला हवे होते, पण जे सांगू शकत होते ते स्वतःच काही लपवीत होते.

मग केलॉगच्या प्रश्नाचे काय? मुलाने विचारलेले आम्ही गिळून टाकणार नाही. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलचे भाषांतर पुरे केले आणि १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या. काम संपेपर्यंत त्यांना वेळ मिळाला, ही आपल्या मंडळ्यांतील आवडती साक्ष आहे. केलॉग यांना तो मिळाला नाही. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे आमचे मत झाले आहे. स्तोत्रकार सांगतो ते एवढेच की राखणारा झोपत नाही. त्या चौकात तो जागा होता. रुग्णालयातल्या त्या दोन रात्री तो जागा होता, आणि त्या सात वर्षांच्या रात्रीही, मुलगा जागा होता तेव्हा. याहून पुढे जाण्याचे धैर्य आम्हाला नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र एक गोष्ट आहे, तिच्यावर आम्ही टेकून आहोत. ज्याने तीनदा नाकारले त्याच पेत्राला प्रभू तीनदा विचारतो आणि पुन्हा मेंढरे राखायला देतो. राखण्यात चुकलेल्याकडून त्याने राखणदारी काढून घेतली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. ज्याचे हात सोलले होते त्याने सकाळी आणखी एक फेरी मारली, मुलगा मागे बसला. उतरताना एक दूधवाला चढत होता, आम्ही थांबून त्याला वाट दिली. बसस्टँडवर मुलाने सांगितले की नाताळला तो इंदूरला येईल आणि आईला सांगेल. सांगताना आपल्यापैकी कोणी बरोबर असावे, असे त्याने विचारले. चर्चविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही विचारले नाही.

तो आला. आईला सांगितले, तेव्हा आम्ही तिघेही त्या खोलीत होतो. आधी आम्ही आमचे सांगितले, मग त्याने त्याचे. ती माउली बराच वेळ रडली. मग उठून तिने त्याला जेवायला वाढले, आणि आम्हालाही.

आता आमच्या शब्बाथशाळेच्या खोलीत, ‘उपासना संगीता’च्या कपाटाशेजारी, भिंतीला तीन खिळे मारले आहेत व त्यांवर आय.एस.आय. चिन्हाची तीन हेल्मेट टांगली आहेत. ज्याचे डोके उघडे असेल त्याने नेऊन पुढच्या रविवारी परत टांगावे. वही ठेवलेली नाही. पंचकमिटीने परवानगी दिली आहे. उपासना चालू असताना ती खाली पडून आवाज होऊ नये, एवढीच अट घातली आहे.